गॅस विहिरीत साचलेलं पाणी : आधी वेग मोजा, मग उपाय निवडा

गॅस विहिरीचं उत्पादन घसरलं की पहिला संशय साठ्यावर घेतला जातो. दाब उतरला, साठा संपत आला, असं म्हणून आलेखावर नवा उतार काढला जातो आणि विहीर हळूहळू विस्मरणात जाते. यातल्या बऱ्याच विहिरींच्या तळाशी गॅस शिल्लक असतो. तो वर येत नाही, कारण त्याच्या वाटेत पाण्याचा किंवा कंडेन्सेटचा (गॅसमधून वेगळ्या होणाऱ्या हलक्या तेलाचा) स्तंभ उभा असतो. या अवस्थेला क्षेत्रावर ‘विहीर लोड झाली’ असं म्हणतात. तिथून विहीर परत आणता येते, पण वेळेत ओळखली तरच ते स्वस्तात होतं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. लोड होणं म्हणजे विहिरीला पाणी जास्त झालं असं नव्हे. रोज पाच घनमीटर पाणी देणारी विहीर वर्षानुवर्षं नीट वाहते आणि रोज दोनशे लिटर देणारी विहीर बंद पडते. फरक गॅसच्या वेगाचा असतो. वेग पुरेसा असेल तर गॅस द्रवाचे थेंब सोबत घेऊन वर जातो. वेग एका मर्यादेखाली गेला की थेंब आणि ट्यूबिंगच्या (गॅस वर आणणाऱ्या आतल्या नळीच्या) भिंतीवरचा पातळ थर खाली घसरू लागतो आणि तळाशी साचतो.

साचलेल्या पाण्याचा भार किती पडतो याचा अंदाज सहज करता येतो. २ ३/८ इंची ट्यूबिंगचा आतला व्यास १.९९५ इंच असतो आणि तिच्यात मीटरमागे साधारण २ लिटर द्रव मावतो. म्हणजे जेमतेम २०० लिटर पाण्याचा स्तंभ १०० मीटर उंच होतो. खाऱ्या पाण्याचा दाब मीटरला सुमारे दीड पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) धरला, तर तळावर १५० पीएसआयचं जादा ओझं आलं. ज्या साठ्याचा दाब मुळात ४००-५०० पीएसआयवर आलेला आहे, त्याचा एवढ्याने श्वास कोंडतो. प्रवाह कमी होतो, म्हणून वेग आणखी उतरतो, म्हणून पाणी आणखी साचतं. चक्र असं फिरत राहतं आणि शेवटी विहीर बंद पडते.

किमान वेगाचं गणित

टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी १९६९ मध्ये मांडलेला निकष आजही पहिल्या पायरीवर वापरला जातो. गॅसच्या प्रवाहात टिकू शकणारा सर्वांत मोठा थेंब खाली न पडता तरंगत राहण्यासाठी जो वेग लागतो, तो क्रांतिक वेग. त्यांनी स्वतःच्या समीकरणात २० टक्क्यांची वाढ केली होती. पुढे १९९१ मध्ये कोलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वेलहेडचा (विहिरीच्या जमिनीवरच्या तोंडाचा) दाब ५०० पीएसआयखाली असेल तर ही वाढ बहुधा लागत नाही. लोड होणाऱ्या बहुतेक विहिरी याच गटातल्या असतात, त्यामुळे मी सुरुवात कोलमनच्या आकड्यांनी करणं पसंत करतो. पाण्यासाठी सोपं रूप असं :

वेग = ४.४३४ × (६७ − ०.००३१ × दाब) याचं चौथं मूळ ÷ (०.००३१ × दाब) याचं वर्गमूळ

इथे वेग फूट प्रति सेकंदात आणि दाब निरपेक्ष पीएसआयमध्ये. कंडेन्सेटसाठी ४.४३४ च्या जागी ३.३६९ आणि ६७ च्या जागी ४५ घ्यायचे. दोन्ही द्रव येत असतील तर पाण्याचं समीकरण वापरा, कारण जड द्रवच आधी मागे पडतो. टर्नरचा आकडा हवा असेल तर उत्तराला १.२ ने गुणा. वेगावरून रोजचा प्रवाह असा काढतात :

प्रवाह = ३.०६७ × दाब × वेग × ट्यूबिंगच्या काटछेदाचं क्षेत्रफळ ÷ [(तापमान + ४६०) × झेड गुणक]

क्षेत्रफळ चौरस फुटांत, तापमान फॅरनहाइटमध्ये, झेड म्हणजे खरा गॅस आदर्श गॅसपासून किती ढळतो त्याचा गुणक, आणि उत्तर दशलक्ष घनफुटांत येतं. वेलहेडवर १०० पीएसआय, ८० अंश फॅरनहाइट आणि झेड ०.९८ धरून २ ३/८ इंची ट्यूबिंगसाठी हिशोब केला, तर वेग सुमारे २२.८ फूट, म्हणजे सेकंदाला ७ मीटरच्या आसपास येतो आणि किमान प्रवाह, घनमीटरमध्ये बदलून, रोज सुमारे ८,१०० घनमीटर. हाच आकडा २ ७/८ इंची ट्यूबिंगमध्ये १२,१०० आणि ३ १/२ इंचीमध्ये १८,२०० घनमीटर होतो. तरुणपणी भरपूर वाहणाऱ्या विहिरीत घातलेली रुंद ट्यूबिंग म्हातारपणी तिला का मारते, ते या तीन आकड्यांत दिसतं.

समीकरणातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे : किमान प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. वेलहेडचा दाब २०० वरून ५० वर आणला तर लागणारा किमान प्रवाह निम्मा होतो.

या गणिताच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते उभ्या नळीसाठी आहे. तिरप्या भागात थेंबांपेक्षा भिंतीच्या खालच्या बाजूला साचणारा थर महत्त्वाचा ठरतो. बेलफ्रॉइड आणि सहकाऱ्यांच्या दुरुस्तीप्रमाणे उभ्यापासून सुमारे ३७ अंशांच्या कलाला सर्वाधिक, म्हणजे साधारण ३५ टक्के जादा वेग लागतो. आडव्या विहिरींचा वळणाचा भाग आधी का भरतो त्याचं उत्तर इथे आहे. शिवाय हिशोब फक्त वेलहेडवर करून थांबू नका. ट्यूबिंगचं टोक पर्फोरेशनच्या (गॅस आत येण्यासाठी केसिंगला पाडलेल्या भोकांच्या) बरंच वर असेल, तर मधल्या अंतरात गॅस केसिंगमधून, म्हणजे विहिरीच्या बाहेरच्या रुंद नळीतून चढतो. ५ १/२ इंची, १७ पौंडी केसिंगचा आतला व्यास ४.८९२ इंच असतो. तिचं क्षेत्रफळ २ ३/८ इंची ट्यूबिंगच्या सहापट, म्हणजे वेग सहावा हिस्सा. ट्यूबिंगमध्ये सगळं ठीक दिसतं आणि खाली केसिंगमध्ये पाणी उभं असतं.

विहीर काय सांगते

सर्वांत आधी आलेख बदलतो. सरळ उताराने घटणारं उत्पादन अचानक तुटतं आणि मग खालच्या पातळीवर खाली-वर होऊ लागतं. ऑरिफिस मीटरच्या (भोकाच्या चकतीवरून प्रवाह मोजणाऱ्या) नोंदीत टोकं दिसू लागतात : काही वेळ शांत प्रवाह, मग पाण्याचा एक गठ्ठा येतो, मग पुन्हा शांत. ही टोकं थांबून पाणी येणंच बंद झालं, तर विहीर सुधारली असं समजू नका. पाणी तळाशीच राहू लागलं आहे.

पॅकर (ट्यूबिंग आणि केसिंगमधली जागा बंद करणारं बूच) नसलेल्या विहिरीत दाबमापक पुरतो. केसिंगचा दाब चढतोय आणि ट्यूबिंगचा उतरतोय, म्हणजे ट्यूबिंगमध्ये द्रव वाढतोय. पॅकर असेल तर हा मार्ग बंद असतो. तिथे स्लिकलाइनवर (साधनं खाली सोडायच्या बारीक तारेवर) दाबमापक सोडून वाहत्या अवस्थेतला दाबाचा उतार मोजावा. वरून दर १५०-२०० मीटरला थांबे घ्या आणि तळाजवळ ते जवळजवळ करा. कमी दाबाच्या गॅसचा उतार मीटरला ०.१ पीएसआयच्या आत असतो, पाण्याचा १.४ ते १.५. मधले आकडे दिसले तर तिथे गॅस द्रवातून बुडबुडे काढत चढतोय. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून द्रवपातळी मोजणारं यंत्र जलद आणि स्वस्त, पण फेस असेल तर त्याची पातळी फसवी असते.

वर आलेल्या पाण्यातलं क्लोराइड तपासायला विसरू नका. क्लोराइड अगदी कमी असेल तर ते पाणी गॅसमधल्या वाफेचं आहे, ट्यूबिंगच्या वरच्या थंड भागात वाफ गार होऊन झालेलं. त्याचं प्रमाण मर्यादित असतं, पण कार्बन डायऑक्साइड असेल तर तेच वरच्या ट्यूबिंगला गंजवतं. क्लोराइड जास्त असेल तर पाणी खडकातून येतंय, आणि मग ते साठ्यातलं आहे, वरच्या थरातून फुटक्या केसिंगमधून येतंय की खालचं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातंय, हा पुढचा प्रश्न. फुटकी केसिंग असेल तर पुढे दिलेला एकही उपाय टिकणार नाही.

खर्च करण्याआधी जमिनीवर बघा

हे फार साधं आहे आणि म्हणूनच राहून जातं. चोक (प्रवाह आवळणारं अरुंद तोंड) अजून बसवलेला आहे का? लोड होणाऱ्या विहिरीवर चोक ठेवणं म्हणजे तिचा गळा आवळणं. सेपरेटरचा (गॅस आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीचा) दाब गरजेपेक्षा जास्त आहे का? त्यातला द्रव बाहेर सोडणारा डंप व्हॉल्व्ह अडकलाय का? मीटरमध्ये भलतीच बारीक भोकाची ऑरिफिस प्लेट आहे का? वाहिनीच्या सखल भागात पाणी साचलंय का? शेजारची जोरकस विहीर त्याच वाहिनीत सोडल्यापासून घसरण सुरू झाली का? जमिनीवरचे ३० पीएसआय कमी झाले, तर ते तळापर्यंत लाभतात, आणि त्याला फक्त पाना लागतो.

ट्यूबिंगचं टोकही याच टप्प्यावर तपासा. ते फार वर असेल तर काय होतं ते वर सांगितलं. फार खाली, पर्फोरेशनच्या तळाशी असेल तर विहीर बंद राहिल्यावर टोक पाण्यात बुडतं आणि पुन्हा सुरू करताना सगळा स्तंभ उचलावा लागतो. पर्फोरेशनच्या वरच्या तिसऱ्या भागात टोक ठेवणं बहुतेक उभ्या विहिरींना मानवतं.

साबण आणि फोमर

साबण किंवा फोमर (फेस करणारं रसायन) घालून द्रवाचा फेस केला की गॅसला तो उचलणं सोपं जातं. कारण नीट समजून घेतलं तर डोसही नीट ठरतो. पृष्ठताण ६० वरून २० डाइन प्रति सेंटिमीटरवर आणला तरी समीकरणात त्याचं चौथं मूळ असल्याने क्रांतिक वेग फक्त २४ टक्क्यांनी उतरतो. खरा लाभ फेसाच्या हलक्या घनतेचा आहे. म्हणून नुसता पृष्ठताण उतरवणारं रसायन पुरत नाही. टिकाऊ फेस करणारं लागतं, तेही त्या विहिरीच्या पाण्यात, त्या तापमानाला.

निवड प्रयोगशाळेत करा. विहिरीचं ताजं पाणी आणि कंडेन्सेट ज्या प्रमाणात येतं त्याच प्रमाणात मिसळा, रसायन घाला, ब्लेंडरमध्ये फिरवा आणि दोन गोष्टी मोजा : फेस किती चढला आणि त्यातलं निम्मं पाणी निथळायला किती वेळ लागला. कंडेन्सेट फेस मारतं. द्रवात निम्म्याहून अधिक कंडेन्सेट असेल तर साध्या फोमरवर पैसे घालवू नयेत, त्यासाठीची वेगळी रसायनं महाग असतात आणि तीही दरवेळी चालत नाहीत.

मात्रा पाण्याच्या प्रमाणावर ठरते, गॅसच्या नव्हे. सुरुवात १,००० ते ५,००० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) पट्ट्यात करावी. रोज २ घनमीटर पाणी आणि ३,००० पीपीएम म्हणजे रोज ६ लिटर. आधी विहीर साफ होईपर्यंत जास्त द्या, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करत उत्पादन डळमळायला लागेल तिथून एक पायरी वर थांबा. जास्त मात्रेचा त्रास सेपरेटरमध्ये दिसतो : फेस गॅसच्या वाटेने पुढे जातो, द्रवपातळी खोटी दाखवतो, कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. तिथे सेपरेटरच्या आधी फेस मोडणारा डिफोमर द्यावा लागतो.

साबणाच्या कांड्या ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. विहीर बंद करा, कांडी लुब्रिकेटरमधून (वेलहेडवर बसवलेल्या बंद नळकांड्यातून) सोडा, ती पोचून विरघळायला तासभर तरी द्या, मग उघडा. कांडी पाण्यात विरघळणारी आहे की कंडेन्सेटमध्ये, ते आधी बघा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा : फेस व्हायला घुसळण लागते, घुसळायला गॅस लागतो. पूर्ण मेलेल्या विहिरीत, उभ्या, न हलणाऱ्या स्तंभात साबण टाकून काही होत नाही.

कांड्यांनी फरक पडला तर कायमची सोय म्हणजे कॅपिलरी : पाव किंवा ३/८ इंची स्टेनलेस किंवा त्याहून वरच्या मिश्रधातूची नळी, टोकाला इंजेक्शन व्हॉल्व्ह, थेट पर्फोरेशनजवळ. क्लोराइड आणि तापमान जास्त असेल तर साधं ३१६ वापरू नका, ताणगंजाने तडकतं. सर्वांत जास्त त्रास टोक तुंबण्याचा. विहिरीचा दाब कमी आणि नळीतल्या रसायनाचा स्तंभ जड असल्याने रसायन आपोआप खाली ओघळतं, वरची नळी रिकामी होते, द्रावक उडून जातो आणि मागे चिकट साका राहतो. टोकाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग हा स्तंभ तोलून धरण्याइतकी कडक हवी. पंपाआधी गाळणी बसवा आणि एका रसायनावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये नळी सुसंगत द्रावकाने धुवा; दोन फोमर एकमेकांत मिसळून जेली होऊ शकते.

नळी बारीक करणं, दाब उतरवणं

ट्यूबिंगच्या आत बारीक नळी टांगली की त्याच प्रवाहाला जास्त वेग मिळतो. आतून १.५३ इंची नळीत वरच्याच उदाहरणाचा किमान प्रवाह रोज साधारण ४,८०० घनमीटरवर येतो. पण घर्षण वाढतं, आणि प्रवाह त्या नव्या मर्यादेखाली गेला की बारीक नळी आणखी वाईट वागते : तेच १०० लिटर पाणी २ ३/८ इंचीत ५० मीटर उभं राहतं, इथे ८४ मीटर. त्यात स्वॅब (तारेवरून सोडून पाणी वर ओढणारा दट्ट्या) चालत नाही आणि पुढे सांगितलेला नेहमीचा प्लंजरही बसत नाही. पुढची तीन-चार वर्षं प्रवाह मर्यादेच्या वर राहील असं साठ्याचं गणित सांगत असेल तरच हा मार्ग घ्यावा.

वेलहेडवर कॉम्प्रेसर लावणं मला अधिक आवडतं, कारण ते तीन बाजूंनी काम करतं : किमान प्रवाह उतरतो, साठ्यातून येणारा प्रवाह वाढतो, आणि कमी दाबाचा गॅस जास्त वाफ धरून ठेवत असल्याने ट्यूबिंगमध्ये वाफेचं पाणी कमी होतं. कॉम्प्रेसरच्या आधी गॅसमधला द्रव काढणारा स्क्रबर हवाच. पाण्याचा गठ्ठा सिलिंडरमध्ये गेला तर व्हॉल्व्ह फुटतात.

प्लंजर : विहिरीच्याच ताकदीने

बाहेरची ऊर्जा न लागता वर्षानुवर्षं चालणारा हा उपाय आहे आणि तो बिघडतो तो बहुधा सेटिंगमुळे. रचना अशी : ट्यूबिंगच्या तळाशी सीटिंग निपलमध्ये किंवा कॉलर स्टॉपवर (दोन्ही आतल्या टेकण्याच्या जागा) धक्का झेलणारी बंपर स्प्रिंग. ट्यूबिंगमध्ये मोकळा फिरणारा धातूचा प्लंजर. वेलहेडवर धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगचा लुब्रिकेटर, प्लंजर पकडणारा कॅचर, आगमन टिपणारा सेन्सर. वाहिनीवर मोटर व्हॉल्व्ह आणि त्याला उघड-बंद करणारा कंट्रोलर. विहीर बंद झाली की प्लंजर खाली पडतो, द्रव त्याच्यावर राहतो, ॲन्युलसमध्ये (ट्यूबिंग आणि केसिंगमधल्या पोकळीत) दाब साठतो. व्हॉल्व्ह उघडला की ॲन्युलसमधला गॅस ट्यूबिंगमध्ये शिरून प्लंजरला आणि त्याच्यावरच्या पाण्याला वर ढकलतो. प्लंजर पोचल्यावर काही काळ गॅस वाहू द्यायचा, मग पुन्हा बंद. प्लंजरमुळे गॅस पाण्याला भेदून पुढे जात नाही, आणि पाणी मागे घसरत नाही.

विहीर योग्य आहे का ते आधी बघा. ढोबळ नियम : दर १,००० मीटर खोलीला, प्रत्येक घनमीटर द्रवामागे सुमारे २३० घनमीटर गॅस. २,००० मीटरच्या विहिरीला ४६० लागतील. रोज ६,००० घनमीटर गॅस आणि २ घनमीटर पाणी देणाऱ्या विहिरीत हे प्रमाण ३,००० येतं, म्हणजे भरपूर. दुसरी अट दाबाची : बंद अवस्थेत केसिंगचा दाब वाहिनीच्या दाबाच्या दीडपट तरी व्हायला हवा. पॅकर असेल तर ॲन्युलसचा साठा मिळत नाही. पॅकर काढणं किंवा त्याच्या वर ट्यूबिंगला भोकं पाडणं याचा विचार करावा लागतो.

बसवण्यापूर्वी ट्यूबिंगमधून गेज चालवा. २ ३/८ इंची, ४.७ पौंडी ट्यूबिंगचं ड्रिफ्ट, म्हणजे आतून मोकळं जायला हवं त्या गेजचा व्यास, १.९०१ इंच आहे. ते तळापर्यंत मोकळं गेलं नाही तर प्लंजर अडकणारच. मास्टर व्हॉल्व्ह आणि ट्यूबिंगचा आतला व्यास जुळतो का ते मोजा. वेलहेडचं भोक रुंद असेल तर प्लंजर तिथे पोचल्यावर गॅस बाजूने निसटतो आणि प्लंजर लुब्रिकेटरच्या तोंडाशी लटकतो. प्लंजर निवडताना : वाळू येत असेल तर ब्रश, कमी दाबाच्या विहिरीत भिंतीला घट्ट बसणारा पॅडचा, आणि जोरात वाहणाऱ्या विहिरीत प्रवाह चालू असतानाही खाली पडणारा बायपास.

आता सेटिंग. बंद ठेवण्याचा किमान काळ प्लंजर पडण्यावरून ठरतो. २,००० मीटर खोली, गॅसमध्ये मिनिटाला ६० मीटर आणि शेवटच्या १०० मीटर पाण्यात १५ मीटर धरलं तर जवळपास ४० मिनिटं. प्लंजर तळाला पोचण्याआधी उघडलं तर तो पाण्याशिवाय, सुसाट वर येतो. उघडायचं कधी, हे भारगुणकावरून ठरवा : केसिंग वजा ट्यूबिंग दाब, भागिले केसिंग वजा वाहिनी दाब. उत्तर ५० टक्क्यांच्या आत असेल तर उघडा. केसिंग ३००, ट्यूबिंग २३०, वाहिनी १०० असेल तर ७० भागिले २००, म्हणजे ३५ टक्के, चालेल. ट्यूबिंग १८० असेल तर ६० टक्के, थांबा. याच ७० पीएसआयवरून पाणीही कळतं : साधारण ४६ मीटरचा स्तंभ, म्हणजे ९० लिटरच्या आसपास.

चढण्याचा वेग मिनिटाला २३० ते ३०० मीटरमध्ये राहिला पाहिजे. २,००० मीटरला सात ते नऊ मिनिटं. १५० च्या खाली गेला तर गॅस प्लंजरच्या कडेने निसटतोय. सुरुवात सावधपणे करा : बंद काळ लांब, प्लंजर पोचल्यानंतरचा प्रवाह अगदी थोडा. चार-पाच फेऱ्या वेळेवर आल्या की प्रवाहाचा काळ काही मिनिटांनी वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि मोठ्या गठ्ठ्यांचा मोह सोडा. दिवसातून दोनदा २०० लिटर उचलण्यापेक्षा आठ वेळा ५० लिटर उचलल्याने तळाचा सरासरी दाब कमी राहतो, आणि उत्पादन त्यावरच अवलंबून असतं.

प्लंजर आलाच नाही तर सलग पुन्हा उघडू नका. बंद काळ वाढवा, केसिंग आणि ट्यूबिंगचे दाब शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखेच चढत असतील आणि द्रव मात्र आहे असं दिसत असेल, तर ट्यूबिंगला भोक पडल्याचा संशय घ्या. अन्यथा जास्त प्रवाहामुळे भार वाढला, वाळू अडकली, प्लंजर झिजला किंवा सेन्सरच बिघडला. नव्या प्लंजरचा व्यास मायक्रोमीटरने मोजून लिहून ठेवला असेल तर झीज कळते, नाहीतर नुसता अंदाज राहतो.

सर्वांत धोक्याचं म्हणजे कोरडा, वेगवान प्लंजर. पाण्याची उशी नसताना मिनिटाला ३०० मीटरच्या वर आलेला काही किलोंचा धातू लुब्रिकेटरची टोपी उडवू शकतो. कंट्रोलरमध्ये जलद आगमनावर विहीर बंद करण्याची सोय चालू ठेवा, आणि असं आगमन एकदा जरी नोंदलं तरी स्प्रिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. लुब्रिकेटर उघडताना क्रम मोडू नये : प्लंजर पकडा, मास्टर व्हॉल्व्ह बंद करा, मोटर व्हॉल्व्ह आणि वाहिनी अलग करा, दाब सोडा, मापक शून्य दाखवतोय हे बघा, थोडं थांबून तो पुन्हा चढत नाही ना ते बघा, आणि टोपीच्या रेषेत उभं न राहता उघडा. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असलेल्या विहिरीवर मापक आणि श्वसनसाधनाशिवाय हात लावू नये.

मेलेली विहीर उठवताना

वरचे बहुतेक उपाय वाहत्या विहिरीचे आहेत. पूर्ण थांबलेलीला आधी धक्का द्यावा लागतो. खडक चांगला पारगम्य असेल तर काही दिवस बंद ठेवून, केसिंग आणि ट्यूबिंग जोडून दाब समान केल्यावर पाणी परत खडकात ढकललं जातं. घट्ट खडकात असं करू नका. पाणी छिद्रांत अडकून गॅसची वाट आणखी बुजवतं. बाहेरून उच्च दाबाचा गॅस मिळत असेल तर तो ॲन्युलसमध्ये भरून ट्यूबिंगमधून सोडता येतो.

स्वॅब करताना पहिल्या फेऱ्यांत द्रवपातळीखाली १०० मीटरच्या आत राहा, म्हणजे ओढण्याचा भार दोन-सव्वादोनशे किलोच्या आसपास राहतो. कॉइल्ड ट्यूबिंगने (रिळावरच्या लवचिक नळीने) नायट्रोजन देत असाल तर तो वरपासूनच सुरू करून टप्प्याटप्प्याने खाली जा. एकदम तळाशी जाऊन सगळा स्तंभ उडवला तर अचानक पडलेल्या दाबाने वाळू आत येते. नायट्रोजन महाग म्हणून कॉम्प्रेसरची हवा वापरण्याचा विचारही नको : हवा आणि गॅसचं मिश्रण स्फोटक होतं, आणि ऑक्सिजन ट्यूबिंग खातो.

विहीर वातावरणात उघडून पाणी उडवण्याची जुनी पद्धत अजूनही दिसते. दाब शून्यावर गेल्याने वेग वाढतो, म्हणून ती काही तास काम करते. पण कारण तसंच राहतं, विहीर पुन्हा भरते, आणि दरवेळी विकता आला असता असा गॅस जातो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. एखाद्या विहिरीला दर आठवड्याला उघडावं लागत असेल, तर ती प्लंजरसाठी तपासण्याच्या यादीत सर्वांत वर हवी.

साठ्याचा दाब इतका उतरला की प्लंजरलाही पुरेसा गॅस साठत नाही, तिथे पंप लागतो. रॉड पंप (वरून दांड्यांनी हलवला जाणारा पंप) बसवताना पाणी ट्यूबिंगमधून आणि गॅस ॲन्युलसमधून घ्यायचा. खाली केसिंगमध्ये जागा असेल तर पंपाचं तोंड पर्फोरेशनच्या खाली ठेवा. गॅस वर निघून जातो आणि पंपात पाणीच शिरतं. तोंड पर्फोरेशनच्या समोर राहिलं तर बॅरलमध्ये गॅस दाबला आणि पसरला जातो, व्हॉल्व्ह उघडत नाहीत, आणि पंप हलत असूनही काही उचलत नाही. पाणी कमी असलेल्या विहिरीत पंप चोवीस तास चालवू नये. टायमर किंवा पाणी संपलं की पंप थांबवणारा पंप-ऑफ कंट्रोलर लावा, नाहीतर अर्ध्या भरलेल्या बॅरलमध्ये पिस्टन पाण्यावर आदळून रॉड तुटतात.